जुन्या ऑक्टाव्हियाचा रेडिओ आणि ब्लूटूथ : कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडी : स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, २००४ची, एमएच-२० पासिंग. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली आणि तिथून अर्ध्या तासावर राहणाऱ्या बाबांनी घेतलेली. वीस वर्षं संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) राबली. बाबांचा डावा गुडघा आता क्लचला नाही म्हणतो, म्हणून दिवाळीनंतर ती माझ्याकडे पुण्यात आली. इंजिन ठणठणीत. रेडिओ कंपनीचाच, ‘सिम्फनी’, कॅसेटवाला, हिरव्या उजेडाचा. ऑक्सचं भोक नाही, यूएसबी नाही. फोनमधली गाणी ऐकायची तर फोन कपहोल्डरमध्ये उभा करायचा, डिझेल इंजिनाशी त्याला भांडू द्यायचं.

चाव्या देताना बाबांनी एकच अट घातली होती. “तो रेडिओ काढून तिथं टीव्ही बसवू नकोस.” टीव्ही म्हणजे टचस्क्रीन.

अट मला मान्यच होती, कारणं माझी वेगळी. एक तर या डॅशबोर्डात चकचकीत काळी पाटी दिसते ती धोतरावर टाय बांधल्यासारखी. दुसरं म्हणजे फोक्सवॅगन गटातल्या गाड्यांची वायरिंग. नेहमीच्या आयएसओ प्लगात कायमचा १२ व्होल्ट चौथ्या पिनवर आणि चावीचा सातव्यावर असतो. यांच्याकडे ते दोन्ही उलटे. छतावरच्या अँटेनातल्या अॅम्प्लिफायरला वीज अँटेनाच्या वायरीतूनच द्यावी लागते, ती न देता बाहेरचा रेडिओ बसवला की एफएम खरखरतं. वर त्याच प्लगात गाडीच्या डायग्नोसिसची तारही येते. तिच्यावर नव्या रेडिओनं चुकून व्होल्टेज टाकलं की स्कॅनर गाडीशी बोलायलाच तयार होत नाही. म्हणजे रेडिओ बदलण्याचं काम ‘अर्ध्या तासाचं’ नसतंच.

ठरलं : रेडिओ तोच, चेहरा तोच, कॅसेट चालू राहिली पाहिजे, आणि फोनमधलं गाणं त्याच्यातून वायरीशिवाय वाजलं पाहिजे. मुदत गुढीपाडवा, ३० मार्च. त्या दिवशी गाडी घेऊन घरी जायचंय.

१३ फेब्रुवारी

आधी स्वस्तातले उपाय, म्हणजे नंतर हळहळ नको.

सिगारेट लायटरमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर, ३९९ रुपये. फोनकडून ब्लूटूथवर घेतो, रेडिओला एफएमवर देतो. पुण्यात ९१.१, ९३.५, ९४.३, ९५, ९८.३, १०१ ही घरं आधीच भरलेली. मधल्या रिकाम्या जागी बसवला, कोथरूडात बरा वाजला. सिंहगडाच्या दिशेनं निघालो आणि खडकवासल्याच्या अलीकडे कुठल्या तरी जाहिरातीनं माझं गाणं गिळलं. एफएमचा स्वभावच असा की दोन लहरींत जी जोरकस ती सगळंच घेते, दुबळीला कोपराही मिळत नाही. शांत जागी वाजला तेव्हाही वरचे सूर कापलेले, झांजा पत्र्यावर वाजवल्यासारख्या.

कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मित्राकडून आणला. तीन मिनिटं छान. मग रेडिओ ‘खट्’ करून बाजू बदलतो, परत ‘खट्’. टेप फिरत नाही असं वाटलं की डेक दुसरी बाजू लावून बघतो, आणि अडॅप्टरमधली प्लॅस्टिकची चाकं अडखळत होती. परत केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

रेडिओ बाहेर काढला. समोरच्या बारीक चिरांत पातळ पोलादी पट्ट्या सारायच्या, आतल्या खिट्ट्या दबतात आणि रेडिओ ड्रॉवरसारखा पुढे येतो. पट्ट्यांचा संच १८० रुपये. मागे वीस वर्षांची धूळ आणि एक वाळलेला लवंगेचा दाणा. आई सुपारी खायची, तिचाच असणार. तो वरच्या हवेच्या जाळीतून इथवर कसा घरंगळला, देव जाणे.

मागच्या बाजूला तपकिरी प्लग स्पीकरचा, काळा विजेचा. त्यांच्या वर वीस छिद्रांचा लहान सॉकेट, तीन रंगांत वाटलेला : पिवळा, हिरवा, निळा. निळा कप्पा रिकामा. तोच हवा होता. त्या काळी डिकीत सहा सीडींची पेटी बसवायचे, तिची ही जागा. १३, १४, १५ या पिनांवर पेटी आणि रेडिओ आपापसात बोलतात. १६वर कायमचा १२ व्होल्ट. १७वर रेडिओ चालू असतानाच येणारा १२ व्होल्ट. १८ आवाजाचं ग्राउंड, म्हणजे परतीची तार. १९ डावा, २० उजवा.

म्हणजे आवाज आत सोडायची वाट कंपनीनंच ठेवलेली आहे. पण तिच्यावर पहारा आहे. पेटीकडून ‘मी आहे’ असं उत्तर आल्याशिवाय रेडिओ सीडीचा मार्ग उघडतच नाही. सीडीचं बटण दाबलं. ढिम्म.

दोन रस्ते. रेडिओचं पोट फाडून आवाजाच्या आयसीच्या अलीकडे तारा डकवायच्या, नाहीतर डिकीत पेटी असल्याची थाप मारायची. पोट फाडणार नाही. थाप मारू.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. गाडी नेण्यात अर्थच नाही. मेट्रोनं गेलो, कसब्यापासून चालत. आर्डुइनो नॅनोची (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) नक्कल, एलएम२५९६चा बक कन्व्हर्टर (१२ व्होल्टचे ५ करायला), फ्यूज होल्डर, १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, शिल्डेड वायर दोन मीटर. निळा आठ पिनांचा प्लग कुणाकडेच नव्हता, तो ऑनलाइन मागवला, ३५० रुपये. सीएसआर८६४५ चिपचा ब्लूटूथ बोर्ड एका काउंटरवर मिळाला. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, “कशाला हवाय?” सांगितलं. म्हणाले, “अहो, चार हजारात अँड्रॉइडचा रेडिओ येतो.” पैसे घेताना मात्र पुढे म्हणाले, “आवाजाचं ग्राउंड आणि विजेचं ग्राउंड जपा बरं.” मी मान हलवली आणि विसरलो. ही नोंद नंतर कामाला येणार आहे.

बक कन्व्हर्टरऐवजी ७८०५ ही व्होल्टेज उतरवणारी साधी आयसी घ्यायचा मोह झाला होता, सर्किट सोपं होतं. पण इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट येतो. त्याचे ५ करायचे म्हणजे वरचे ९.२ व्होल्ट नुसते तापवून उडवायचे. ९० मिलिअँपिअरला पाऊण वॉटच्या वर उष्णता, तीही एप्रिलच्या उन्हात, डॅशबोर्डच्या आत. नको.

२३ फेब्रुवारी, रविवार

लॉजिक अॅनलायझर (तारेवरचे इशारे टिपून स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) लावून रेडिओ काय बोलतो ते बघितलं. सीडीचं बटण दाबलं की १४व्या पिनवर स्पंदांची एक माळ येते. थाट टीव्हीच्या रिमोटचा : सुरुवातीला एक लांब इशारा, मग आखूड अंतर म्हणजे शून्य, लांब अंतर म्हणजे एक. चार बाइट. पहिल्या दोन ठरलेल्या, ५३ आणि २सी (हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या आधारानं लिहिलेले आकडे). तिसरी म्हणजे हुकूम आणि चौथी म्हणजे त्याच हुकुमाची उलटी प्रत, चूक पकडायला. ‘वाजव’ म्हणजे ई४ १बी. ‘पुढचं’ म्हणजे एफ८ ०७. ‘मागचं’ म्हणजे ७८ ८७. ‘थांब’ म्हणजे १० ईएफ.

स्क्रीनवर ई४ १बी पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बायकोला हाक मारली. तिनं बघितलं, “छान,” म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून गेली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी, उपास, साबुदाण्याची खिचडी आणि नॅनो.

पेटीनं रेडिओला काय सांगायचं याचा हिशोब नेटवरच्या हौशी लोकांनी आधीच उलगडून ठेवलाय, त्यांचे उपकार. साधारण दर ५० मिलिसेकंदाला आठ बाइटचं पुडकं पाठवत राहायचं. थांबलात की रेडिओ समजतो पेटी गेली. आकडे सगळे उलटे लिहायचे : ट्रॅक १ म्हणजे २५५ वजा १, म्हणजे एफई. पहिली सीडी म्हणजे बीई.

पहिल्या प्रयत्नात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तासाभरानं कळलं की १३ आणि १४ची अदलाबदल केली होती. १३व्या पिनचं ‘डेटा इन’ हे रेडिओच्या बाजूनं ‘इन’, माझ्या बाजूनं नाही. तारा बदलल्या, बटण दाबलं आणि हिरव्या पट्टीवर ‘सीडी १, ट्रॅक १’ उमटलं. डिकीत त्या वेळी स्टेपनी आणि आईच्या माहेरची सतरंजी.

१९-२० वर फोन थेट वायरीनं जोडून बघितला. आवाज ऐकून थक्क झालो. या गाडीचे मूळ स्पीकर इतके चांगले आहेत हे वीस वर्षं झिजलेल्या टेपांमुळे कधी कळलंच नव्हतं.

२ मार्च, रविवार

ब्लूटूथ बोर्ड जोडला. फोनला दिसला, जोडला गेला, गाणं सुरू झालं आणि आवाज डब्यातून आल्यासारखा. बोर्डही गरम. चूक माझी : या चिपचे स्पीकरचे दोर डिफरेन्शियल आहेत, प्रत्येक बाजूला एक अधिक, एक उणे. मी दोन्ही उणे सरळ ग्राउंडला टेकवले होते. तसं करायचं नसतं. उणे मोकळे सोडायचे, फक्त अधिकमधून कपॅसिटरमार्फत आवाज घ्यायचा आणि ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडवरून. केलं. आवाज खुलला.

मग इंजिन चालू केलं.

कुंईऽऽऽ. बारीक, दात शिवशिवतील असा. अॅक्सिलरेटर दाबला की सूर वर, सोडला की खाली. अल्टरनेटर गातोय. त्याच्या मागे ब्लूटूथ बोर्डाची स्वतःची टिकटिक, घुंगुरटं कानाशी आल्यासारखी. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत हे दोघेच वाजतात.

निदानासाठी बोर्डाला गाडीऐवजी पॉवरबँकेतून वीज दिली. कुंई बंद, टिकटिकही जवळपास बंद. पॉवरबँक काढली, दोन्ही परत. तपकीर गल्लीतले काका आठवले. बोर्ड एका वाटेनं विजेच्या तारेतून गाडीच्या ग्राउंडला बांधलाय आणि दुसऱ्या वाटेनं आवाजाच्या ग्राउंडमधून रेडिओला. दोन वाटा मिळून एक फास झाला, आणि त्या फासातून जे वाहतं ते स्पीकरमध्ये ऐकू येतं.

उद्या चेन्नईला ऑफिसचं काम. आल्यावर बघू. सगळं तसंच जोडून ठेवलं.

१५ मार्च, शनिवार

धुळवड चेन्नईत गेली. आज गाडीची चावी फिरवली. क्लिक. पुन्हा क्लिक. लाइट मिणमिणले.

‘सगळं तसंच जोडून ठेवलं’ याचा अर्थ : बक कन्व्हर्टर १६व्या पिनवर, कायमच्या १२ व्होल्टवर. हिशोब आता केला. नॅनो आणि ब्लूटूथ मिळून गाडीच्या बॅटरीतून ९० मिलिअँपिअर, दिवसाला दोन अँपिअर-तासांहून जास्त, बारा-तेरा दिवसांत पंचवीसच्या वर. चार वर्षांची बॅटरी, तिला एवढं पुरलं. सर्किटाचं कौतुक करायला वेळ होता, हा गुणाकार करायला नव्हता.

बॅटरी काढून चार्जिंगला लावली.

१६ मार्च, रविवार

बॅटरी बसवली, गाडी फटक्यात चालू. रेडिओच्या पट्टीवर : ‘सेफ’.

हे विसरलोच होतो. बॅटरी सुटली की रेडिओला वाटतं तो चोरीला गेलाय. चार आकडी कोड दिल्याशिवाय बोलत नाही. बाबांना फोन.

“बाबा, रेडिओचा कोड आहे का तुमच्याकडे?”

“आहे की. पाठ आहे मला.”

त्यांनी सांगितला. टाकला. चूक. “मग शेवटचे दोन उलटे करून बघ.” टाकला. चूक. दोन चुकांनंतर हा रेडिओ तासभर कुलूपबंद होतो, आणि तो तास रेडिओ चालू ठेवूनच काढावा लागतो. बॅटरीला चार्जर लावून गाडीत बसून राहिलो. सोसायटीचे वॉचमनकाका दोनदा येऊन बघून गेले.

तासाच्या आत आईचा फोन. कार्ड एलआयसीच्या पिशवीत, पहिल्या पॉलिसीच्या आत होतं. बाबांचे चारही आकडे बरोबर होते, क्रम सगळाच वेगळा. “तो स्कूटरच्या कुलपाचा सांगितला की काय मी,” मागून बाबांचा आवाज. तास संपल्यावर कोड टाकला, रेडिओ जागा झाला. कार्डाचा फोटो तीन जागी ठेवला.

१९ मार्च

छोटा १२ व्होल्टचा रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच, बसवला. त्याची कॉइल १७व्या पिनवर, जिथं रेडिओ चालू असतानाच वीज येते. मुख्य वीज १६व्यातून, एक अँपिअरचा फ्यूज लावून. कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७, नाहीतर रिले सुटतानाचा झटका रेडिओच्या अंगावर जातो. रेडिओ बंद असताना माझ्या सर्किटाची ओढ आता शून्य. मीटरवर तीनदा बघितलं. दुधानं तोंड पोळलंय म्हटल्यावर ताकही फुंकून पिणारच.

२३ मार्च, रविवार

कुंईचा दिवस.

बी०५०५एस नावाचा चार पायांचा काळा ठोकळा, करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. पाच व्होल्ट आत, पाच व्होल्ट बाहेर. मित्र म्हणाला, “मग उपयोग काय?” उपयोग हाच की आतल्या-बाहेरच्या तारांचा एकमेकांशी धातूचा संबंध नाही, मध्ये चिमुकला ट्रान्सफॉर्मर. एक वॉट, म्हणजे २०० मिलिअँपिअर. ब्लूटूथ बोर्डाला भरपूर. आता बोर्डाचं ग्राउंड फक्त एकाच वाटेनं बाहेर जातं, १८व्या पिनवरून. फास सुटतो.

एक फट मात्र राहते. ‘पुढचं गाणं’ हा हुकूम नॅनोला कळतो आणि त्यानं तो ब्लूटूथ बोर्डाला द्यायचा. सरळ तार जोडली तर दोन्ही ग्राउंड पुन्हा एक. म्हणून मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर. नॅनो आतला दिवा लावतो, पलीकडचा ट्रान्झिस्टर तो उजेड बघून बोर्डाचं बटण दाबतो. दोघांच्या मध्ये फक्त प्रकाश.

डाग देताना एक पाय तुटला, ठोकळे दोन घेतले होते म्हणून वाचलो. दुपारी चारला जोडणी पूर्ण. इंजिन चालू केलं, फोन जोडला, गाणं थांबवलं, आवाज पूर्ण वाढवला, अॅक्सिलरेटर अडीच हजारापर्यंत दाबला. काही नाही. खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपत होतं, तेवढं ऐकू येत होतं. शंका आली की काहीतरी निखळलं असणार. फोनवर गाणं सुरू केलं तर सीटवरून उडालो.

२५ मार्च

प्रोग्राममधले दोन किडे मारले. ‘पुढचं’ दाबलं की गाणं बदलण्याऐवजी आवाज वाढायचा. बोर्डाचं बटण थोडं दाबलं तर पुढचं गाणं, दाबून धरलं तर आवाज, आणि माझा नॅनो अर्धा सेकंद दाबून धरत होता. १०० मिलिसेकंद केलं. दुसरा किडा : ट्रॅक ९ नंतर १० ऐवजी पट्टीवर भलतंच चिन्ह. रेडिओला दहाचा आकडा दशमान घरांत हवा, मी हेक्समध्ये देत होतो.

फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवायचा, कमी-जास्त रेडिओच्या गोल बटणानं. उलटं केलं तर उरलीसुरली खरखर मोठी होते.

२९ मार्च, शनिवार

पुणे ते संभाजीनगर. वाघोलीत नेहमीप्रमाणे पाऊण तास, गाण्यांची खरी चाचणी तिथंच झाली. फोन डाव्या खिशात ठेवला की आवाज तुटायचा. २.४ गिगाहर्ट्झला माणसाचं अंग आडवं येतं, आणि बोर्ड रेडिओच्या पत्र्याच्या पेटीमागेच दडलेला. रांजणगावच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा पट्ट्या घालून रेडिओ ओढला आणि बोर्ड ग्लोव्हबॉक्सच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या मागे सरकवला. चहावाल्यानं विचारलं, “चोरीचा का?” पुढे नगर ओलांडून घरी पोचेपर्यंत एकदाही तुटला नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर बाबांना ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. त्यांनी आधी रेडिओवरून बोट फिरवलं, कुठं ओरखडा आहे का बघायला. मग अभंगांची कॅसेट घातली. वाजली. मग सीडीचं बटण दाबलं, माझ्या फोनवरून तोच अभंग. थोडा वेळ ऐकून म्हणाले, “हे जास्तच स्वच्छ आहे. श्वाससुद्धा ऐकू येतोय.” तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

राहिलेलं काम : माइक नाही, त्यामुळे फोन आला तर तो फोनवरच घ्यावा लागतो. ते मुद्दाम करणार नाही. फ्यूजला हात पोचेल अशी जागा शोधायची.

बाबांनी तेवढ्यात १ ते ६ आकड्यांची बटणं बघितली. “हे सहा कशाला?”

“डिकीतल्या पेटीतल्या सहा सीडींचे, बाबा. पेटी नाहीये आपल्याकडे.”

“पण तू तर त्याला सांगितलंयस ना, आहे म्हणून?” त्यांनी ६ दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. “मग हे राहिलंय तुझं.”